पाण्यातला व्यायाम आणि चार आजारांची आजी: एक पेपर नीट वाचून बघू

'पेट निघाली, आता विषय कोणता घेऊ?' हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. हल्ली त्यासोबत तयार शीर्षकंही येतात. त्यातलं एक वारंवार येणारं शीर्षक म्हणजे 'दीर्घ आजार असलेल्या ज्येष्ठांवर जलव्यायामाचा परिणाम'. विषय दिसायला छान आहे. पाणी आहे, म्हातारी माणसं आहेत, औषध नाही, सुई नाही. गाइडही पटकन हो म्हणतात. म्हणून आज विषय कसा निवडावा यावर सल्ले देण्यापेक्षा या विषयातलं आधीचं संशोधन काय म्हणतं, आणि ते म्हणणं कितपत टिकतं, हे बघू. मी फिजिओथेरपिस्ट नाही, प्राणिशास्त्राकडून आलेलो आहे. त्यामुळे शरीरशास्त्र आणि आकडेवारी या दोन बाजूंनीच बोलणार आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. जलव्यायाम म्हणजे पोहणं नव्हे. छातीपर्यंतच्या कोमट पाण्यात उभं राहून चालणं, पाय उचलणं, हात पाण्याच्या विरुद्ध ढकलणं, हा तो व्यायाम. उपचाराच्या हौदातलं पाणी साधारण ३२ ते ३४ अंशांवर ठेवतात, सोबत प्रशिक्षित माणूस असतो, उतरायला पायऱ्या आणि धरायला कठडा असतो. ही सगळी व्यवस्था लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाण्याचा फायदा काय? पहिला तर आपल्याला सातवीपासून माहीत आहे, आर्किमिडीज. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवरचा भार जवळपास निम्मा होतो, छातीपर्यंत गेलं की एक तृतीयांशाच्या आसपास, आणि मानेपर्यंत गेलं की जेमतेम एक दशांश. हे आकडे स्थिर उभं राहण्याचे आहेत बरं का. चालायला लागलं की भार वाढतो. अनेक पेपरांच्या प्रस्तावनेत हा फरक गाळलेला असतो आणि 'भार ५० टक्क्यांनी कमी' असं एक वाक्य इकडून तिकडे फिरत राहतं. तुमच्या प्रस्तावनेत तरी ते तसं येऊ देऊ नका. दुसरा फायदा प्रतिकाराचा. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन, म्हणून हळू हालचालीलाही जोर लागतो, आणि तोल गेला तरी माणूस धाडकन पडत नाही. गुडघे दुखणाऱ्या जाड माणसाला जमिनीवर जो व्यायाम दहा मिनिटं झेपत नाही तो पाण्यात अर्धा तास झेपू शकतो, त्याचं कारण हे.

आता तिसरी गोष्ट, जी पत्रकात कुणी छापत नाही. पाणी बाहेरून दाबतं. मानेपर्यंत बुडून उभं राहिलं की पाय आणि पोटातलं सुमारे ७०० मिलिलिटर रक्त छातीकडे सरकतं, हृदय जास्त भरतं आणि दर मिनिटाला जास्त रक्त फेकतं. हा आकडा १९७२ मध्ये स्वीडनमध्ये झालेल्या प्रयोगातून आला आणि आजही उद्धृत होतो. प्रयोग निरोगी लोकांवर होता. त्याच दाबामुळे छाती फुगवायला जास्त जोर लागतो, श्वास घेण्याचं काम सुमारे ६० टक्क्यांनी वाढतं. मूत्रपिंडाला वाटतं अंगात पाणी जास्त झालं, म्हणून लघवी वाढते. नाडी त्याच मेहनतीला जमिनीपेक्षा कमी लागते, म्हणजे जमिनीवरचं 'टार्गेट हार्ट रेट'चं कोष्टक इथे चालत नाही. आणि पाण्यातून बाहेर पडताना दाब एकदम जातो, रक्त परत पायांत उतरतं, बीपी पडतं, चक्कर येऊ शकते.

एकच आजार असेल तर यातली एकेक गोष्ट सांभाळता येते. पण खऱ्या आयुष्यातली सत्तरीची बाई एक आजार घेऊन येत नाही. तिचे गुडघे गेलेत, साखर आहे, बीपीच्या गोळ्या चालू आहेत आणि दम लागतो. गुडघ्याला पाणी चांगलं. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पाण्याने लघवी आणखी वाढणार. बीटा ब्लॉकर असेल तर नाडी आधीच दबलेली. साखरेमुळे तळपायाची जाणीव गेली असेल तर हौदाच्या खरखरीत तळाने सोललेलं कळणार नाही, आणि त्या जखमेची पुढची कहाणी आपल्या प्रत्येकाच्या नात्यात कुणी ना कुणी पाहिलेली आहे. फुप्फुसाला तर दाबाचाच त्रास. एका अवयवाला उपकार, दुसऱ्याला उपद्रव, असं ते गणित आहे.

यात एक जुना पण वाचलाच पाहिजे असा पेपर आहे. २००५ मध्ये 'जामा'मध्ये सिंथिया बॉइड आणि सहकाऱ्यांनी ७९ वर्षांची एक काल्पनिक स्त्री घेतली. तिला सीओपीडी, मधुमेह, उच्च रक्तदाब, हाडांची ठिसूळता आणि संधिवात असे पाच आजार दिले, आणि प्रत्येक आजाराची मार्गदर्शक तत्त्वं तिला जशीच्या तशी लावली. तिच्या वाट्याला १२ औषधं आली, शिवाय एकमेकांना छेद देणाऱ्या सूचना. एकेका आजारासाठी लिहिलेला सल्ला एकत्र केला की तो सल्ला राहत नाही, हे त्यांनी एकही रुग्ण न तपासता दाखवलं. सैद्धांतिक काम कमी दर्जाचं मानणाऱ्यांनी हा पेपर मुद्दाम वाचावा.

तर मग जलव्यायामावर असा अभ्यास आहे का, ज्यात माणसं मुद्दामच अनेक आजारांची घेतली? आहे. २०१३ मध्ये 'युरोपियन रेस्पिरेटरी जर्नल'मध्ये रेने मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी सिडनीत केलेली चाचणी आली. सीओपीडी आहे आणि त्यासोबत लठ्ठपणा, सांध्यांचं दुखणं असे शारीरिक त्रासही आहेत, असे ५३ जण. सरासरी वय ७२. चिठ्ठी टाकल्यासारखे तीन गट: पाण्यात व्यायाम, जमिनीवर व्यायाम, आणि नेहमीचाच उपचार. आठवडे आठ, आठवड्यातून तीन वेळा. शेवटपर्यंत ४५ जण टिकले.

मला हा पेपर आवडतो, आणि आवडतो म्हणूनच त्याच्यावर टीका करायची आहे. वाईट पेपरवर टीका करून काही शिकायला मिळत नाही.

आवडण्याचं पहिलं कारण म्हणजे निवड. बहुतेक चाचण्यांत 'सहभागासाठी अपात्र' या यादीतच आपली आजी बाद होते. हृदयविकार नको, अमुक नको, तमुक नको. मग उरतात ते एकाच आजाराचे, तुलनेने धडधाकट लोक, आणि निष्कर्ष मात्र सगळ्या ज्येष्ठांना लावला जातो. मॅकनमारांनी उलट केलं. ज्यांना जमिनीवरचा व्यायाम जड जातो तेच लोक आत घेतले. दुसरं कारण तिसरा गट. पाणी विरुद्ध काहीच नाही, अशी तुलना केली की जिंकलं कोण ते कळत नाही. आठवड्यातून तीनदा घराबाहेर पडणं, चार लोकांत मिसळणं, कुणीतरी आपुलकीने 'आज कसं वाटतंय' विचारणं, यानेही माणूस सुधारतो. जमिनीवरच्या गटाला हे सगळं मिळालं, फक्त पाणी मिळालं नाही. त्यामुळे पाणी विरुद्ध जमीन हीच या पेपरातली कामाची तुलना, आणि तुम्ही वाचताना बोट तिथेच ठेवा.

त्या तुलनेत काय निघालं? वाढत्या वेगाच्या शटल चालण्यात पाण्याचा गट सरासरी ३९ मीटर पुढे, कॉन्फिडन्स इंटरव्हल ५ ते ७२. टिकून चालण्याच्या शटल चाचणीत २२८ मीटर पुढे, इंटरव्हल १९ ते ४३८. थकव्याच्या प्रश्नावलीतही पाणी सरस. शून्य कुठेच आत येत नाही, म्हणजे निकाल 'सिग्निफिकंट'. इथे बहुतेक विद्यार्थी पान उलटतात.

थांबा. १९ ते ४३८ याचा अर्थ काय होतो? खरा फायदा १९ मीटर असू शकतो, म्हणजे घरापासून शेजारच्या ओट्यापर्यंत. किंवा ४३८ मीटर असू शकतो, म्हणजे गावाच्या या टोकापासून जवळपास त्या टोकापर्यंत. दोन्ही शक्यता या आकडेवारीशी जुळतात. ५३ जण तीन गटांत वाटले की गटात सतरा-अठराच उरतात, त्यातून इतकंच दिसणार. आमच्या औंढा तालुक्यात दुधाळ्याला लायगोचं काम चालू आहे, प्रोटॉनच्या आकारापेक्षा कितीतरी लहान हालचाल पकडणारं यंत्र. त्यांचाही झगडा सिग्नल आणि गोंगाट वेगळे करण्याचाच. पण गुरुत्वीय लहर बसस्टँडवर गाडी चुकवत नाही, सुनेच्या बाळंतपणाला निघून जात नाही. माणसांवरच्या संशोधनात गोंगाट अफाट असतो आणि तो कमी करायचा एक सरळ उपाय म्हणजे जास्त माणसं.

आता ३९ मीटर. हा फरक रुग्णाला जाणवतो का? या चाचणीसाठी २००८ मध्ये ४७.५ मीटर हा 'जाणवेल इतका' फरक ठरवला गेला होता. त्या पट्टीने ३९ कमी पडतात. पुढे २०१९ मध्ये दुसऱ्या विश्लेषणातून तोच उंबरठा ३५-३६ मीटरवर आला. त्या पट्टीने ३९ पास! पेपर तोच, माणसं तीच, पट्टी बदलली. तुमच्या प्रबंधात अशी पट्टी आधीच ठरवून लिहून ठेवा, निकाल हातात आल्यावर नको.

माझा सगळ्यात मोठा प्रश्न मात्र वेगळा आहे. पाणी जिंकलं की जमीन हरली? ज्यांचे गुडघे दुखतात, वजन जास्त आहे, अशाच लोकांना जमिनीवर चालायला लावलं तर जमीन मागे पडणारच. पण जमिनीवरही खुर्चीत बसून करायचे व्यायाम आहेत, सायकल आहे, हातांचे व्यायाम आहेत. जमिनीचा सर्वोत्तम खेळाडू मैदानात उतरवला होता का? हा प्रश्न मॅकनमारांपुरता नाही, या क्षेत्रातल्या प्रत्येक 'पाणी विरुद्ध जमीन' पेपरला विचारा. अन् एवढं धरूनही एक गोष्ट त्यांच्या पदरात टाकावीच लागते: श्वासाचं काम पाण्यात वाढतं, तरी सीओपीडीचे हे रुग्ण नीट व्यायाम करू शकले आणि जमिनीवर जास्त चालू लागले. केवळ शरीरशास्त्राच्या पुस्तकावरून कुणी 'नको' म्हटलं असतं तर ते चुकलं असतं. हृदयविकारातही असंच झालं होतं. हृदय कमजोर असेल तर कोमट पाण्यात उतरवूच नये असं मानत. २००३ मध्ये स्वीडनच्या आसा सीडर आणि सहकाऱ्यांनी अशाच २५ वयस्कर रुग्णांवर ८ आठवडे करून पाहिलं, आणि ते जमलं. २५ जणच, पण दार उघडलं.

गुडघे-खुब्यांच्या संधिवाताचं पुरावासंकलन मोठं आहे. २०१६ चा कॉक्रन आढावा १३ चाचण्या आणि ११९० लोक एकत्र करतो. वेदना १०० पैकी ५ गुणांनी कमी, इंटरव्हल ३ ते ८. लेखक याला लहान, अल्पकालीन, तरीही वैद्यकीयदृष्ट्या अर्थपूर्ण म्हणतात. मला 'अर्थपूर्ण' हा शब्द इथे पचत नाही. शंभरात दहाच्या आसपास तरी फरक पडला तर माणसाला जाणवतं असं या क्षेत्रातले बरेच जण धरून चालतात. शिवाय यातल्या बहुतेक तुलना नेहमीचा उपचार, माहितीपत्रक, फोनवर विचारपूस, शस्त्रक्रियेची वाट पाहणारे, अशा गटांशी आहेत. म्हणजे वर सांगितलेला 'आपुलकीने विचारलं' हा परिणाम त्या पाचातच मिसळलेला आहे. आणि पाण्यात उतरलेल्या माणसाला आपण पाण्यात आहोत हे कळतंच, ते लपवणार कसं? इथे ब्लाइंडिंग शक्य नाही हे मान्य. पण मग मोजमाप करणारा तरी वेगळा हवा, आणि नुसत्या 'किती दुखतं' ऐवजी खुर्चीतून उठायला किती सेकंद लागले असंही काही मोजायला हवं.

बाकी अनेक आजारांच्या लोकांत एकूण व्यायामाचं काय, यावर २०२० चा ब्रिका आणि सहकाऱ्यांचा आढावा वाचा. २३ चाचण्या, निष्कर्ष सावध आणि चांगले. त्यात पाणी शोधायला जाल तर फारसं हाती लागणार नाही.

आता हे सगळं घेऊन आमच्या शिरड शहापूरला या. मल्लिनाथाच्या दर्शनाला बाहेरून गाड्या येतात त्यामुळे गाव ऐकलेलं असेल. भोवती हळद आणि सोयाबीन. हळदीच्या दिवसांत काढणी, शिजवणी, वाळवणी, सगळ्यात बायका वाकलेल्या. वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या. पुण्याचे संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं की सिगारेट न ओढणाऱ्यांचा सीओपीडी हा दुर्लक्षित पण मोठा प्रश्न आहे. जगात सुमारे ३ अब्ज लोक लाकूड-गोवऱ्यांच्या धुरात असतात, तंबाखू ओढणारे त्याच्या एक तृतीयांश. म्हणजे दम लागणाऱ्या दोघी एकाच नावाच्या आजाराच्या असल्या तरी एकीची कहाणी सिगारेटची, दुसरीची चुलीची. सिडनीचा निकाल दुसरीला लागू होईलही. पण ते तपासायचं असतं, गृहीत धरायचं नसतं.

अशा किती जणी आहेत? मुंबईच्या आयआयपीएसने केलेल्या लासी सर्वेक्षणाचा पहिला अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. पंचेचाळीसच्या पुढचे ७२ हजारांहून अधिक लोक त्यात होते. साठीच्या पुढच्यांत सुमारे २७ टक्क्यांना एकापेक्षा जास्त दीर्घ आजार. प्रस्तावनेत हा आकडा टाकायला सोपा आहे. पण प्रश्न कसा विचारला होता ते बघा: 'तुम्हाला डॉक्टरांनी कधी सांगितलं का, की अमुक आजार आहे?' ज्या बाईने साखर कधी तपासलीच नाही तिचं उत्तर 'नाही'. केरळचा आकडा मोठा येतो त्यात तिथली तपासणी चांगली असण्याचाही वाटा आहे. आपल्या भागातला लहान आकडा बघून 'आपल्याकडे कमी आहे' असं कुणी लिहिलं तर मौखिक परीक्षेत हाच प्रश्न येईल.

आणि हौद? ३३ अंशांवर तापवलेलं पाणी, कठडा, फिजिओथेरपिस्ट हे आमच्या गावात नाही. आहेत त्या विहिरी आणि कालवे. विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली पुरुषमंडळी मराठवाड्यात भरपूर सापडतील, साठीच्या पुढच्या बायका क्वचित. कुणी हा लेख वाचून आजीला कालव्यात उभं करायला नेऊ नये म्हणून स्पष्ट लिहितो: वाहतं पाणी, शेवाळलेला काठ आणि कमी जाणीव असलेले पाय यांवर कोणताही अभ्यास नाही आणि व्हायलाही नको.

समजा नांदेडला एखादा हौद मिळाला. आठ आठवडे, आठवड्याला तीन वेळा, म्हणजे २४ फेऱ्या, जाऊन-येऊन ४८ एसटी प्रवास, तेही वसमतवरून. पंचाहत्तरीच्या पुढे एसटी ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. खर्च फार अडणार नाही. दिवस जाणार तो कुणाचा? सोबत येणाऱ्या मुलीचा किंवा सुनेचा, आणि हंगामात तो दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. सिडनीत ५३ पैकी ४५ टिकले. इथे किती टिकतील? 'ह्या वयात पाण्यात उतरू? आणि लुगडं?' हा प्रश्न आजी विचारणार, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. कपडे कोणते, हौदावर पुरुष कोण असतील, बाहेर आल्यावर ओलं अंग झाकायला खोली आहे का, यावरच तुमची गळती ठरणार. ही मोजायची गोष्ट आहे, प्रबंधाच्या शेवटी 'मर्यादा' या मथळ्याखाली ढकलायची नाही.

म्हणून मला विचाराल तर तीस जण, चार आठवडे, आधी-नंतरची टी-टेस्ट, असा 'परिणाम' शोधणारा प्रबंध या विषयावर करू नका. त्याने मॅकनमारांच्या इंटरव्हलमध्ये काडीची भर पडणार नाही. त्याऐवजी व्यवहार्यतेचा अभ्यास घ्या. किती जणींना विचारलं, किती अपात्र ठरल्या आणि कशाने, किती हो म्हणाल्या, तिसऱ्या आठवड्यात किती उरल्या, बाहेर पडताना किती जणींचं बीपी किती उतरलं. शेजारी दुसरा गट ठेवा: गावातच, समाजमंदिरात, खुर्चीवरचे व्यायाम, तितकाच वेळ, तितकीच विचारपूस. पाणी या गटापेक्षा सरस ठरलं नाही तर तोही निष्कर्षच, आणि आमच्या गावासाठी जास्त कामाचा. मोजताना सहा मिनिटांच्या चालण्यासोबत जमिनीवरून उठणं आणि उकिडवं बसणं हेही मोजा, कारण शौचालयापासून देवघरापर्यंत इथलं आयुष्य त्यावर चालतं.

आरआरसीसमोर जाताना नैतिक समितीची परवानगी आणि सीटीआरआयची नोंदणी यांचा आराखडा हातात असू द्या. एप्रिल २०१८ पासून सीटीआरआयवर नोंदणी पहिला सहभागी घेण्याआधीच करावी लागते, नंतर चालत नाही. व्यायामाची चाचणी आहे, औषधाची नाही, म्हणून सुटका होईल असं समजू नका. आणि अर्ज भरताना 'अपात्रतेचे निकष' या रकान्याशी आलात की बॉइडची ती ७९ वर्षांची बाई डोळ्यासमोर आणा, आणि तुमच्या यादीतून ती बाद होते का बघा. होत असेल तर शीर्षकातून 'अनेक आजार' हे शब्द काढून टाका.